पाण्याखालच्या गावाची बाहेरची वाट

शिरड शहापूरला आमच्या घराचं मागचं दार पत्र्याचं होतं, आणि बाहत्तरच्या दुष्काळानंतर आलेल्या उन्हाळ्यात त्या दाराच्या आतल्या अंगावर सांचीचा रस्ता होता. बाबांनी तो खडूने काढला होता. खाली कडीपाशी आमचं गाव, वर चौकटीला टेकलेला स्तूप, उपड्या घातलेल्या परातीसारखा. आणि दोहोंच्या मधे औंढा, हिंगोली, वाशीम, अकोला, मेळघाटाचं रान, तापी, नर्मदा, भोपाळ. शेळीला खरकटं पाणी पाजायला आई दार उघडी, तेव्हा सगळा रस्ता उन्हात जाई आणि अक्षरं दिसेनाशी होत. दार मिटलं की तो घरातल्या अंधारात पुन्हा उमटे, तापलेल्या पत्र्याचा आणि खडूचा कोरडा वास घेऊन. मी परभणीच्या कॉलेजातलं पहिलं वर्ष संपवून सुटीत आले होते. वृत्तं आणि यमकं डोक्यात ताजी होती. त्यामुळे त्या गावांच्या नावांनाही मी मनातल्या मनात चाल लावत असे.

बाबा सरकारी दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. स्वतःची जीप मात्र त्यांनी अस्थी वेचाव्यात तशी वेचून आणली होती. सांगाडा सैन्यातून बाद झालेला, इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, दारं नाहीतच, वर टप म्हणून ताडपत्री. कित्येक रविवार तिच्याखाली उताणे पडून त्यांनी तिला चालती केली होती. आत्या तिच्याकडे बघून म्हणायची, "हिच्यात कोन कोन मेलं आसंल, बाबू." आणि पदराने बॉनेटवरची धूळ पुसायची.

या आत्यासाठीच तर तो रस्ता होता. बाबांची ही थोरली बहीण. नवऱ्यामागे ती आमच्याकडेच राहत असे. तिचे डोळे जात होते. परभणीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता आणि आता फार काही करता येणार नाही, हेही सांगितलं होतं. तिला समोरचं तेवढं दिसे, कडांचं नाही. "कुनीतरी कडंकडंचे दिवे इझवत माझ्याकडं येऊन राहिलंय," असं ती म्हणे, ज्वारी निवडता निवडता, अगदी सहज. आणि ऐकणाऱ्याला उगाचच मागे वळून बघावंसं वाटे. तो शेवटचा दिवा विझण्याआधी तिला सांचीचा स्तूप दाखवायचा, वैशाखी पौर्णिमेला दाखवायचा, असं बाबांनी ठरवलं होतं.

आईला हे पटलेलं नव्हतं. "लोकं खडी फोडायला चाललेत, रेशनच्या मिलोची भाकर खाऊन राहिलेत, अन् आपण जीपमधून देश पाहायला," ती म्हणायची. "तुमच्या बंधूला सांगा आक्का, आगगाडी नावाची एक गोष्ट असती."

"आगगाडीला रस्ता कुठं निवडता येतो?" बाबा म्हणायचे.

त्यांना खरोखर रस्ताच हवा होता, असं आता वाटतं. दवाखान्याची गाडी घेऊन वारंगा फाट्यावरून जाताना ते मुद्दाम चहाला थांबत आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांना बोलतं करत. अकोल्यापर्यंत डांबर चांगलं आहे. पुढे रानात लाकडं वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, त्यांतून जीप जाते. नाल्यांवर पूल नाहीत, वाळूत चाकं रुततात. एकाने सांगितलं, "वाघाचं सोडा उस्ताद, वाघ दिसतो. पंक्चर काढणारा दिसत न्हाई." घरी आल्यावर यातलं जे खरं वाटे ते दारावर चढे. जीपच्या मागच्या भागात हळूहळू सामान साचत गेलं: पहार, फावडं, जाड दोराची सोल, दोन लाकडी फळ्या, जुन्या ट्यूबा, बंपरला टांगायची कॅनव्हासची छागल. छागलीत पाणी भरून बाबांनी ती परीक्षेसाठी अंगणात टांगली, तेव्हा टपटपणाऱ्या त्या थेंबांखाली शेजारच्या चिमण्या चोची उघडून उभ्या राहिल्या. त्या वर्षी पाणी असं ठिबकताना बघणंही पाप वाटत होतं.

आत्या या सगळ्यात नसे. मेळघाट म्हणा, नर्मदा म्हणा, तिचा चेहरा हलत नसे. "पुढचं पुढं," एवढंच ती म्हणे. तिची एकच अट होती: वाट आपल्या गावावरून काढायची. तरच ती येणार.

आपलं गाव म्हणजे तिचं माहेर, बाबांचं जन्मगाव. पूर्णेच्या खोऱ्यात होतं ते. धरण झालं तेव्हा मी शाळेत नुकतीच जायला लागले होते, आणि गाव पाण्यात गेलं. लोकांनी देव नेले, तुळया नेल्या, जाती आणि उखळं बैलगाडीत घालून नेली. आत्याचं जे होतं ते नेण्यासारखं नव्हतं. तिचं पहिलं आणि एकुलतं लेकरू बाळंतपणात माहेरी जन्मलं, थोडे दिवस जगलं, आणि वस्तीमागच्या हिवराच्या झाडाखाली पुरलं गेलं. गाव उठलं त्या दिवशी ती हिवरापाशी उभी होती, असं बाबा सांगत. तिला कुणी काही विचारलं नाही. काय विचारणार होते?

दुष्काळाने धरण आटवलं. बाजारच्या दिवशी बातम्या येऊ लागल्या: मारुतीच्या देवळाचा कळस वर आला, देऊळ छातीपर्यंत आलं, आता म्हणे गावाची जमीन दिसते, माणसं चालत जातात. प्रत्येक बातमीला आत्या हातातलं काम थांबवी. डोळे जाण्याआधी तिला ते हिवर एकदा बघायचं होतं. पाऊस आला की धरण पुन्हा भरणार, आणि पुढच्या दुष्काळापर्यंत तिचे डोळे थांबणार नव्हते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा बाबांनी औंढ्याकडून एक फाटा काढला: धरणाच्या कोरड्या पोटातून आडवं पलीकडे, सेनगावच्या अंगाला, पुसेगावची वाट धरून पुढे पुन्हा डांबराला. "लांब पडतं, पण मेळघाटाआधी गाडीची परीक्षा होईल," ते आईला म्हणाले. खडू माझ्या हातात दिला आणि आत्याला म्हणाले, "सांग आक्का. वाट तुला ठाव."

आत्या दाराकडे पाठ करून बसली आणि सांगू लागली. तिचं सांगणं मला अजून आठवतं, कारण त्याला जात्यावरच्या ओवीची लय होती, आणि कारण ते सगळं वर्तमानकाळात होतं. "खळ्यापून उतार लागतो. तिथं दोन पळस हायेत, त्यातला एक वाकडा. मंग गाडीवाट सरळ येशीवर येती. येस दिसली की उजव्या हाताला वळायचं. खालून जायचं. नदीच्या अंगानं, लव्हाळ्यातून. पांदीला काटे हायेत, लुगडं आवरून. मंग आपली वस्ती."

माझा खडू तिच्यामागून चालला होता. सरळ येणारी रेघ एकदम उजवीकडे फुटली, मोठा वळसा घालून पुन्हा मूळ दिशेला मिळाली. मधे रिकाम्या पत्र्याचा एक गोल उरला. मी म्हटलं, "आत्या, वेशीतून सरळ का नाही जायचं?"

"गावातून?" ती म्हणाली. "आपून गावातून कसं जायचं? आपली वाट बाहीरून."

मला माहीत नव्हतं असं नाही. पण जे ऐकून माहीत असतं ते असं स्वतःच्या हाताने रेघ होऊन समोर उभं राहिलं की वेगळंच असतं. बाबा उठले. अंगठ्याने तो वळसा पुसून काढला आणि रेघ सरळ केली. "गाव न्हाई, वेस न्हाई, पाटील न्हाई. सरळ मधातून जायचं आक्का. टणक जमीन तिथंच असंल, घरांचे पाये हायेत."

आत्याने मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही.

भीमजयंती झाली आणि त्याच आठवड्यात, मोठ्या प्रवासाआधी हा एवढा तुकडा तपासून यायचा म्हणून आम्ही तिघं निघालो. आई आली नाही. तिने भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदे बांधून दिले. आत्याने त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पांढरं, निळ्या काठांचं, आणि ती बाबांच्या शेजारी पुढे बसली होती. मी मागे पहार-फावड्यांत.

धरणाच्या काठावर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. कुठल्याच वस्तूला सावली नव्हती. खाली जे पसरलं होतं त्याला तळं म्हणवत नव्हतं आणि जमीनही म्हणवत नव्हती. भेगाळलेला राखी चिखल, त्याचे परातीएवढे तुकडे, कडा वर वळलेल्या. दूर मधोमध उरलेलं पाणी पाऱ्यासारखं निश्चल. झाडं उभी होती, पण साल नसलेली, पांढरी, फांद्यांच्या टोकांना वाळलेलं शेवाळ केसांसारखं लोंबणारी. जीप उतारावरून खाली आली तशी चाकांखाली शिंपल्या आणि गोगलगायींच्या शंखांचा चुरा होऊ लागला. तो आवाज मला दातांत जाणवत होता. वास माशांचा होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, बंद पेटी उघडल्यावर येतो तसा.

आत्या पुढे झुकली होती. "पळस," ती म्हणाली. दोन खोडं होती, एक वाकडं.

"आक्का, तुला दिसतंय?"

"न्हाई. हितं उतार संपतो."

गाडीवाट आम्हाला दिसत नव्हती, पण चाकांना ती सापडली असावी, कारण धक्के थांबले. समोर वेशीचे दोन दगडी खांब आले, वरची कमान नसलेले. त्यांच्या आत काळवंडलेलं मारुतीचं देऊळ, गढीच्या मातीचा वितळून बसलेला ढिगारा, आणि घरांच्या पायांच्या दगडी रेघा, एखाद्याने जमिनीवर गावाची आकृती मांडून ठेवल्यासारख्या. बाकी मोकळं. आरपार क्षितिज दिसत होतं. बाबांनी गाडी सरळ खांबांवर धरली होती.

खांब जवळ आले, आणि जीप उजवीकडे वळली.

मला वाटलं, आडवं काहीतरी आलं. मी ताडपत्रीची दांडी धरून पुढे पाहिलं; काहीही नव्हतं. जीप खांबांना डावीकडे टाकून उताराला लागली, मोठ्या गोल वळणाने, कुणाला तरी वळसा घालावा तशी, आणि मग तिचं नाक खाली गेलं. वरचा पापुद्रा फुटला. त्याखालचा चिखल काळा आणि ओला होता. बाबांनी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, इंजिन कण्हलं, चारही चाकं जागच्या जागी फिरली आणि आम्ही आणखी खाली बसलो. त्यांनी इंजिन बंद केलं.

चिखलातून बुडबुडे येत होते, एकेक, सावकाश. प्रत्येक फुटताना हलकासा श्वास सोडल्यासारखा आवाज.

बाबा आपल्या हातांकडे बघत होते. "मी वळवली न्हाई," ते म्हणाले.

"वळवलीस," आत्या म्हणाली. "बराबर वळवलीस."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खाली उतरून फळ्या काढल्या, चाकांखाली सारल्या. चिखलाने फळ्या गिळल्या. पहार खोचून पाहिली तर ती मुठीपर्यंत गेली आणि बाहेर येताना चिखलातून बूट निघावा तशी चोखल्यासारखा आवाज करत निघाली. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ते पुन्हा पुन्हा खांबांकडे आणि मग चाकांच्या वळलेल्या खुणांकडे बघत. त्या खुणा आत्याने सांगितलेल्या आणि त्यांनी स्वतः अंगठ्याने पुसलेल्या रेघेवर होत्या.

घंटा वाजल्या म्हणून वर पाहिलं. ओलसर कडेला थोडं हिरवं उगवलं होतं, तिथून मेंढरांचा कळप येत होता, मागे घोंगडं डोक्यावर टाकलेला धनगर. कळप वेशीपाशी आला आणि दुभंगला. निम्मी मेंढरं खांबांच्या या बाजूने, निम्मी त्या बाजूने. मोकळ्या, आरपार दिसणाऱ्या गावाला वळसा घालून ती पलीकडे एक झाली. एकही आत गेलं नाही.

"रामराम साहेब," धनगर म्हणाला.

"जय भीम."

"जय भीम, जय भीम. गाडी चरायला सोडली व्हय?" त्याने चाकांकडे पाहिलं. "त्या अंगानं काहून आले? तिकडं समदं गाळाचं पोटच हाय. परवा एक मेंढी गेली, कान तेवढे दिसत होते."

"मेंढरं गावात का जात नाहीत?" मी विचारलं.

"आत गवत न्हाई बाई." मग थोडं थांबून म्हणाला, "पन सकाळची येतानी घाईत आसत्यात, तवाबी जात न्हाईत. मी इचारत न्हाई त्यान्ला." त्याने बाबांना विचारलं, "कोन्या गावचे म्हनायचे तुमी?"

"ह्याच," बाबा म्हणाले.

धनगराने चारी दिशांना नजर फिरवली. "मंग घरीच आले म्हना," तो म्हणाला आणि हसला. पण आमच्यातलं कुणी हसलं नाही म्हणून त्याने घोंगडं सावरलं. काठावरच्या वस्तीतून बैलजोडी आणून देतो, सोल आहेच तुमच्याकडे, असं म्हणून तो निघाला. जाताना आत्याने त्याला थांबवलं.

"वस्तीमागचं हिवर हाय का रे दादा? नदीच्या अंगाला?"

"हाय माय. वाळलेलं हाय. पन हिकडून न्हाई जाता येत. गावातून जा. मारुतीपून पल्याड टनक हाय."

तो गेल्यावर आत्या बराच वेळ जीपमध्येच बसून राहिली. बाबा चाकाजवळ उकिडवे बसले होते. मला वाटलं ते म्हणतील, चल आक्का. ते म्हणाले, "गाडी सोडून मला येता येणार न्हाई." गाडी कुठेही जाणार नव्हती.

"मी जाते बरोबर," मी म्हटलं.

वेशीच्या खांबांपाशी आत्या थांबली. वाकून तिने पायातल्या वहाणा काढल्या आणि डाव्या हातात, काखेला दाबून धरल्या. पदर कपाळावर ओढला. पायांखालचे दगड इतके तापले होते की माझ्या चपलांच्या तळातून ऊब चढत होती.

"आत्या, घाल पायात. कोण आहे इथे?"

ती वळली नाही. "तुला दिसत न्हाई म्हनून न्हाई, व्हय?"

ती आत गेली. मान खाली, नजर पावलापुढे. लहानपणी ती वडिलांच्या मागे भाकरी मागायची पाटी घेऊन संध्याकाळी याच गल्ल्यांतून फिरलेली होती. तेवढ्यापुरतं आत येता येई. वर बघायचं नसे. "म्हनून मला घरं ठाव न्हाईत, जिमीन ठाव हाय," ती चालता चालता म्हणाली. "हे तेल्याचं. हितं दगड तेलकट. हे सोनाराचं. हितून वळायचं." आणि ती वळली, काटकोनात, जिथे वळण्यासारखं काहीच नव्हतं. थोडं पुढे गेली, अंग चोरून, जणू बोळ अरुंद असावा तसं. पुन्हा वळली. हातभर उंचीच्या त्या दगडी रेघांमधून ती कळसूत्री बाहुलीसारखी काटेकोर चालत होती, आणि वरून पेटलेलं, पांढरं, संपूर्ण मोकळं आभाळ.

मी मागे पडले. सोनाराच्या कोपऱ्यावर वळसा घेण्याऐवजी मी पायाचा दगड ओलांडून तिरकी गेले, तिला गाठायला. तेव्हा माझा उजवा दंड गार झाला. भर दुपारी आपण भिंतीच्या सावलीत शिरावं आणि उन्हाने भाजलेली कातडी एकदम निवावी, तसा. आणि नाकाला नुकत्याच सारवलेल्या मातीचा, शेणाचा ओला वास. एका पावलापुरतंच. मी मागे सरकले तर पुन्हा ऊन. त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही, आताही लावत नाही. एवढंच की, त्यानंतर मी आत्याची पावलं जिथे पडत होती तिथेच माझी टाकली.

मारुतीच्या देवळासमोर ती बाजूला सरली. पदर आणखी पुढे ओढून, पाठ वळवून, उभी राहिली. एखाद्याला वाट द्यावी तशी. मीही थांबले. एक माशी गुणगुणत होती. दूर मेंढरांच्या घंटा. आत्याच्या मानेवरून घामाची रेघ उतरत होती. कितीतरी वेळाने ती पुन्हा चालू लागली.

"कोण होतं?" मी दबल्या आवाजात विचारलं. आवाज का दाबला, कोण जाणे.

"कोन जानं. पन थांबावं लागतं."

देवळामागे जमीन चढली आणि पलीकडे वस्ती होती. म्हणजे काही नव्हतं. तिथली घरं मातीची, पाये नसलेली, त्यांची रेघसुद्धा उरली नव्हती. एकटं हिवर उभं होतं. आत्या त्याच्याकडे गेली आणि तिने हात वर केला, डोक्यावरच्या बेचक्याला धरायला. हात हवेत राहिला. बेचकं तिच्या गुडघ्यापाशी होतं. इतकी वर्षं पाण्याने तिथे गाळ आणून टाकला होता. खोड सगळं खाली गेलं होतं.

तिने वाकून बेचक्यावर हात फिरवला, आतून, बोटांनी, बाळाची टाळू चाचपावी तसा. "हेच," ती म्हणाली. मग खाली बघून, "लई खोल गेलं लेकरू."

ती बसली. वहाणा बाजूला ठेवल्या. आणि बघू लागली. तिचं बघणं मी तोपर्यंत कधी नीट पाहिलं नव्हतं. समोरचं तेवढंच दिसत असल्यामुळे ती मान अगदी थोडी थोडी वळवत होती. आधी बेचकं, मग त्याच्या बाजूची एक भेग, मग पुढची, मग वर वाळकी फांदी, मग पुन्हा खाली. घागर नळाखाली धरून थेंब थेंब भरून घ्यावी तसं. एकही तुकडा तिने सोडला नाही. मी तिच्यावर सावली पडेल अशी उभी राहायला गेले तर म्हणाली, "सरक. उजेड लागतो."

नंतर ती आडवी झाली आणि कान जमिनीला लावला. बराच वेळ. मग मला खूण केली.

"तुला शिकवत्यात ना कविता का काय ते. बघ, काय आईकू येतं का."

मीही कान टेकला. वरचा पापुद्रा तव्यासारखा. आधी माझ्याच रक्ताचा आवाज. मग त्याच्याखाली, फार खाली, काहीतरी होतं. सावकाश, खर्जातलं, थांबून थांबून, पलीकडच्या खोलीत कुणीतरी कूस बदलावी तसं. मला उठावंसं वाटलं आणि उठवेना. आत चिखल अजून ओला होता, तो बसत असणार, पाणी जागा बदलत असणार.

"खाली पाणी आहे, आत्या," मी म्हटलं.

"मंग बरं," ती म्हणाली. "त्याला तहान लागत न्हाई."

घरात त्या वर्षी आम्ही सगळे पाणी मोजून पीत होतो. आत्या तशीच पडून राहिली, गाल मातीवर, डोळे उघडे. ती रडली नाही. मग उठली, लुगड्याची माती झटकली नाही, आणि वहाणा घेऊन त्या पायांत घातल्या.

परत निघालो. मला वाटलं ती थांबेल, वळेल. देवळासमोर ती थांबली नाही. सोनाराच्या कोपऱ्याशी वळली नाही. जिथे दारं नव्हती तिथून, घरांच्या मधून, चुलींवरून, देव्हाऱ्यांवरून, समोर दिसणाऱ्या दोन खांबांवर नजर ठेवून ती सरळ चालत गेली. डोक्यावरचा पदर मागे घसरला होता. तिने तो घेतला नाही. वहाणा दगडांवर फटफट वाजत होत्या आणि त्या एवढ्या मोठ्या उजाड जागेत तेवढा एकच आवाज होता.

माझ्याने तिच्यामागून जाववलं नाही. मी कोपऱ्यांवरून वळत वळत, बोळाबोळाने आले, आणि बाहेर पडले तेव्हा ती केव्हाची पोचलेली होती.

बैल आले होते. सोल ताणली होती, धनगर बैलांना शिव्या आणि लाडाची नावं एकाच श्वासात देत होता. जीप काळ्या चिखलातून वासरू बाहेर यावं तशी पुढच्या पायांनी आधी निघाली. बाबांनी आत्याकडे पाहिलं. तिचा डावा गाल मातीने राखी झाला होता. धनगराला आम्ही भाकरी दिल्या, त्याने दोन घेतल्या आणि एक मेंढीला चारली.

उतार चढून परत काठावर आलो, तेव्हा ऊन कललं होतं आणि प्रत्येक वाळक्या झाडाला एक लांब सावली फुटली होती. आत्या पुढे बसली होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तिने आपणहून विचारलं.

"पुढं वाशीम म्हनत होतास ना रे?"

"व्हय आक्का."

"तो रस्ता गावातून जातो का बाहीरून?"

बाबांनी गियर बदलला. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "गावातून," ते म्हणाले. "भर बाजारातून जातो."

"अन् त्याच्या पुढलं?"

"तेबी."

आत्याने डोळे मिटून घेतले. "मंग सांगत चल," ती म्हणाली. "कोनतं गाव आलं ते सांगत चल."